सॅमनचा रॉड घेण्याआधी लाइन ठरवा

वाचकाचं पत्र:

मी अंजनवेलचा. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. लहानपणापासून दाभोळच्या खाडीत गरवतो, कधी धोपाव्याच्या जेटीवरून, कधी होडीतून. तंगूस, शिसं, गरी आणि कोळंबी यांपलीकडे फारसं ठाऊक नव्हतं. अलीकडे मुलाने स्पिनिंगचा रॉड आणून दिला, तोही जमला. मुलगी-जावई स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला असतात. येत्या जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे जातोय आणि जावईबापूंनी डी नदीवर माझ्यासाठी सॅमनचे तीन दिवस राखून ठेवलेत. तिथे म्हणे फ्लायनेच मासा धरायचा. नेटवर १५ फुटी रॉड आणि रीलचा संच स्वस्तात दिसतो, तो मागवू का? की ९ फुटी पुरेल? रीलवर किती खर्च करावा? एकूण साठ हजारांपर्यंत तयारी आहे. उजवा खांदा अधूनमधून धरतो, हेही सांगून ठेवतो. शिवाय रावसाला बाजारात इंडियन सॅमन म्हणतात, तर परत आल्यावर तोच रॉड इथे रावस-जिताड्याला चालेल ना? आणि घरातून विचारणा आहे की धरलेला सॅमन घरी आणता येईल का. सोबत तिरफळं न्यायचा बेत आहे.

उत्तर:

नमस्कार गुरुजी,

डीसारख्या नदीवर तीन दिवस मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि पैसे खर्च करण्याआधी तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. आधी थेट उत्तर देतो, कारणं मागाहून. तो १५ फुटी संच मागवू नका. १३ फुटी, दोन हातांनी चालवायचा, ८ किंवा ९ नंबरचा रॉड घ्या. तो इथून नेऊ नका, ॲबरडीनला पोचल्यावर तिथल्या दुकानातून घ्या. रील साधं पण नीट चालणारं बघा, आणि त्यातून वाचलेले पैसे चांगल्या लाइनवर आणि अर्ध्या दिवसाच्या शिकवणीवर घाला. दाभोळच्या खाडीसाठी वेगळी जोडी लागेल, तिचं शेवटाकडे सांगतो.

आता कारणं. तुम्ही आजवर ज्या पद्धतीने गरवत आलात, तिच्यात वजन टोकाला असतं. शिसं पुढे जातं आणि तंगूस त्याच्या मागे ओढला जातो. स्पिनिंगमध्येही तेच, शिशाच्या जागी धातूचं किंवा लाकडाचं आमिष एवढाच फरक. फ्लाय म्हणजे गरीवर बांधलेली पिसं, केस आणि चकाकता धागा. तिला वजन जवळजवळ नसतंच. ती तुम्ही कितीही जोराने फेकलीत तरी पायाशी पडेल. म्हणून इथे वजन लाइनमध्ये घातलेलं असतं. लाइन जाड असते, तिच्यावर प्लास्टिकचं आवरण असतं, आणि फेकायची असते ती लाइन. फ्लाय तिच्या शेवटी नुसती जाते. रॉडचं काम त्या लाइनच्या वजनाने वाकणं आणि सुटताना ते वजन पुढे ढकलणं. लाइन हलकी पडली तर रॉड वाकत नाही, जड झाली तर तो लोळागोळा होतो. म्हणून माझा आग्रह असा की नदी आणि महिना बघून आधी लाइन ठरवावी, लाइनवरून रॉड, आणि रॉडवरून रील. दुकानात बहुतेक लोक नेमके उलटे जातात, चकचकीत रीलपासून सुरुवात करतात.

रॉडवर छापलेला नंबर हा लाइनच्या वजनाचा नंबर असतो, पण तो वाचताना जपा. एका हाताच्या रॉडमध्ये ८ नंबर म्हणजे लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन २१० ग्रेन, साधारण साडेतेरा ग्रॅम. दोन हातांच्या १३ फुटी ८ नंबरच्या रॉडला मात्र ३० ग्रॅमहून जड लाइन लागते. आकडा तोच, वजन दुपटीहून जास्त. नेटवरच्या स्वस्त संचांत पुष्कळदा गडबड होते ती इथेच. लांब रॉडसोबत एका हाताच्या रॉडची लाइन येते, माणूस दिवसभर हात हलवत राहतो, लाइन पाण्यावर गोळा होऊन पडते आणि दोष स्वतःच्या हाताला दिला जातो. दोन हातांच्या रॉडची लाइन घेताना नंबराऐवजी ग्रॅम विचारा. चांगल्या कंपन्या आपल्या रॉडला किती ग्रॅमचं हेड, म्हणजे लाइनचा पुढचा जड भाग, चालतं ते सांगतात.

आता डी आणि जून. डी नदी केर्नगॉर्म डोंगरांत १,२०० मीटरहून उंचावर उगम पावते आणि ब्रेमार, बॅलॅटर, बँकरी अशी गावं घेत सुमारे १४० किलोमीटरनी ॲबरडीनला समुद्राला मिळते. आपल्या नद्या सह्याद्रीवरून उतरतात आणि लगेच खाडी होऊन जातात, पावसाळा सोडला तर खाली भरती-ओहोटीचंच राज्य. डी तशी नाही. ती थेट शहराच्या वेशीपर्यंत गोड्या पाण्याची, वाहती, गोट्यांच्या तळाची नदी आहे. पाणी काचेसारखं स्वच्छ. फेब्रुवारीत हंगाम सुरू होतो तेव्हा पाणी मोठं आणि बर्फाळ असतं, मासा तळाशी असतो, तेव्हा बुडणारी लाइन, जड ट्यूब फ्लाय (नळीवर बांधलेली फ्लाय) आणि ते पेलायला १५ फुटी रॉड लागतो. तुम्ही पाहिलेला १५ फुटी रॉड त्या कामाचा. जूनमध्ये पाणी उतरलेलं आणि त्यामानाने कमी गार झालेलं असतं, मासा वर बघतो, आणि तरंगती लाइन व लहान फ्लाय चालते. तरंगत्या लाइनने सॅमन धरण्याची पद्धत याच नदीवर नावारूपाला आली. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत केर्नटन इथे आर्थर वुड नावाचे गृहस्थ रेशमी लाइनला चरबी चोळून ती तरंगती ठेवत आणि बारीक फ्लाय पृष्ठभागालगत नेत. तुम्हाला जूनमध्ये जे करायचं आहे ते मुळात तेच आहे.

तेव्हा १३ फुटी. १५ फुटी रॉड त्या पाण्यावर अवजड होतो, लहान फ्लायला नको तितका राकट वाटतो, आणि खांदा धरणाऱ्या माणसाला संध्याकाळपर्यंत पेलवत नाही. ९ फुटी एका हाताचा रॉड लहान नदीवर उत्तम, आणि जूनच्या अखेरीस पाणी फारच उतरलं तर डीवरही काही जागी चालतो. पण दिवसभर एका हाताने ८ नंबरची लाइन फेकायची म्हणजे सगळा भार त्याच खांद्यावर. दोन हातांच्या रॉडमध्ये वरचा हात टेकू देतो आणि जोर खालच्या हाताच्या ओढीत असतो. खालचा हात मूठ पोटाकडे ओढतो आणि टोक पुढे झेपावतं. तुम्ही पाग टाकला असेल तर हे लगेच कळेल, तिथेही जाळं उघडतं ते कमरेच्या वळणाने आणि वेळ साधल्याने, दंडाच्या ताकदीने नाही. खांद्याचा त्रास असलेल्यांना मी दोन हातांचाच रॉड सुचवतो, आणि तो खालच्या हाताने चालवायला शिकण्याचा आग्रह धरतो.

आणखी एक कारण जागेचं. डीच्या काठाला पुष्कळ ठिकाणी झाडं आहेत. लाइन मागे लांब फेकून मग पुढे आणायची पद्धत तिथे चालत नाही, फ्लाय फांदीत अडकते. म्हणून दोन हातांच्या रॉडने स्पे कास्ट करतात (कास्ट म्हणजे लाइनची फेक). लाइन पूर्ण मागे न नेता तिचं टोक पाण्यावर टेकवायचं, पाण्याच्या पकडीवर रॉड वाकवायचा आणि पुढे सोडायचं. शेजारच्या स्पे नदीवरून या पद्धतीला नाव मिळालं. वाऱ्याप्रमाणे कास्ट बदलतो. वारा वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वाहत असेल तर सिंगल स्पे, प्रवाहाच्या दिशेने वाहत असेल तर डबल स्पे. हे बदलायचं कारण सुरक्षिततेचं आहे: टेकवलेली लाइन नेहमी वारा जिकडे जातो त्या बाजूला हवी, नाहीतर गरी तोंडावर येते. टोपी आणि चष्मा न घालता स्पे कास्ट करू नका, सरावालासुद्धा नाही.

रॉडच्या कडकपणाबद्दल दुकानदार बरंच बोलेल. नवशिक्याने टोकाकडेच वाकणारा, फार ताठ रॉड घेऊ नये. तो चुकीला क्षमा करत नाही. मध्यापर्यंत वाकणारा घ्या, त्यात लाइनचं वजन हाताला कळतं आणि वेळ साधता येते. कार्बन फायबरचा, चार तुकड्यांचा पुरे. तुकडा मीटरभराचा होतो, नळीत घालून विमानाच्या मोठ्या सामानात देता येतो.

लाइनबद्दल सांगतो, कारण पैसे इथे घालायचे. तुमच्यासाठी लहान हेड बरं: सुमारे ११-१२ मीटरचा जड भाग आणि त्यामागे बारीक रनिंग लाइन. जड भाग रॉडच्या टोकाबाहेर असला की कास्ट बसतो, मागची बारीक लाइन आपोआप सरसरत जाते. लांब हेडची जुनी स्पे लाइन फार देखणी चालते, पण ती जमायला हंगाम जातो आणि तुमच्याकडे तीन दिवस आहेत. हेड तरंगतं घ्या. सोबत १० फुटी पॉलीलीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायचे निमुळते दोरे, दोन घ्या, एक तरंगता आणि एक हळू बुडणारा. सकाळी पाणी गार असेल किंवा पाऊस पडून नदी चढली असेल तर बुडणारा लावायचा. त्यापुढे १२ ते १५ पौंड ताकदीचा साधा नायलॉन, म्हणजे आपला तंगूसच, सगळं मिळून रॉडच्या लांबीइतकं. फ्लाय जूनसाठी ८ ते १२ नंबरच्या. गरीप्रमाणे इथेही नंबर मोठा तितकी फ्लाय लहान. स्टोट्स टेल, कॅस्केड, मन्रो किलर, अ‍ॅलीज श्रिम्प अशी नावं ऐकू येतील. मोठी पेटी भरू नका. चार-पाच प्रकार दोन मापांत घेतलेत तरी भागतं, आणि कुठली लावायची ते त्या भागाचा गिली तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. तिथे नदीचे बीट, म्हणजे मासेमारीसाठीचे ठरावीक भाग, पाडलेले असतात आणि बीटवर मासेमाराला सांभाळणाऱ्या, नदी पाठ असलेल्या माणसाला गिली म्हणतात. त्याचा शब्द माना.

आता रील. सॅमनच्या रीलकडून तीनच अपेक्षा आहेत. जाड हेड, रनिंग लाइन आणि मागे ३० पौंड ताकदीच्या बॅकिंगचे, म्हणजे राखीव दोरीचे, १५० मीटर त्यात मावले पाहिजेत. मासा पळायला लागताच ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, न अडखळता सुटला पाहिजे. आणि रॉडवर लावल्यावर तोल वरच्या हाताच्या पकडीवर आला पाहिजे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. हलकं रील कौतुकाचं वाटतं, पण १३ फुटी रॉडला ते लावलं की टोक खाली ओढतं आणि मनगट व खांदा ते दिवसभर वर धरून ठेवतात. तुमच्या बाबतीत थोडं जड रील हाच औषधोपचार. दुकानात रॉड जोडा, लाइन भरलेलं रील लावा, लाइन कड्यांतून ओढा आणि मगच तोल बघा. मोठ्या गाभ्याचं रील घ्या, मासा अंगावर धावून आला तर लाइन लवकर गुंडाळली जाते आणि लाइनला वेटोळी कमी पडतात. डिस्क ड्रॅग असावा, पण महागडा बंदिस्त ड्रॅग गोड्या पाण्याच्या नदीला लागत नाही. हँडल डावीकडे की उजवीकडे, हे तुमच्या स्पिनिंगच्या सवयीप्रमाणे ठेवा, बहुतेक रीलना ते बदलता येतं.

मोठ्या रीलचा मोह मोठ्या माशांच्या गोष्टींमुळे पडतो. स्कॉटलंडमधल्याच टे नदीवर १९२२ मध्ये जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोचा सॅमन काढला आणि ब्रिटनमधला रॉडने धरलेला सर्वांत मोठा सॅमन म्हणून तो आजही गणला जातो. (तो फ्लायला नव्हे, आमिषाला लागला होता.) जूनमध्ये डीवर तुमच्या नशिबी येणारा मासा बहुधा चार-पाच किलोचा असेल. एक हिवाळा समुद्रात काढून परतणारे ग्रिल्स त्याहून लहान, तेही याच सुमारास नदीत शिरू लागतात. खाडीत तुम्ही याहून मोठे मासे ओढले असतील. फरक प्रवाहाचा. मासा खाली वळून प्रवाहासोबत पळाला की त्याचं वजन हाताला वेगळंच लागतं, आणि बॅकिंग हवं ते तेवढ्यासाठी.

पण गुरुजी, तुमचा मासा सुटायचा असेल तर तो रीलमुळे सुटणार नाही, हिसक्यामुळे सुटेल. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण तुम्ही मुरलेले गरवणारे आहात. जेटीवर टुचकी लागली की हात आपोआप वर जातो, आणि तिथे ते बरोबरच असतं. सॅमन वेगळा. तो नदीतल्या गोट्यांत जन्मतो, दोन-तीन वर्षं तिथे वाढतो, समुद्रात उतरून नॉर्वेच्या समुद्रापर्यंत किंवा ग्रीनलंडच्या किनाऱ्यापर्यंत जातो आणि वासाच्या आठवणीवर आपल्याच नदीत अंडी घालायला परततो. नदीत शिरल्यावर तो खात नाही. मग तो फ्लाय का धरतो यावर अजून वाद आहेत, पण कशी धरतो ते माहीत आहे. तुम्ही लाइन पलीकडच्या काठाकडे, खालच्या अंगाला तिरकी टाकता. प्रवाह फ्लायला कमानीत ओढत तुमच्या काठाकडे आणतो. मग तुम्ही एक-दोन पावलं खाली सरकता आणि पुन्हा टाकता. या कमानीत कुठेतरी मासा मागून येतो, फ्लाय तोंडात घेतो आणि वळून खाली जाऊ लागतो. तो वळला की गरी जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते. त्याआधी हिसका दिलात तर ती उघड्या तोंडातून सरळ बाहेर येते. म्हणून ड्रॅग हलका ठेवा. टुचकी लागली तरी रॉड उचलू नका, रीलवरून लाइन जाऊ द्या, आणि वजन सलग हाताला लागलं की मग शांतपणे रॉड उभा करा. जायच्या आधी दाभोळला गरवताना हे मनात घोळवा. हा सराव फुकट आहे आणि कोणत्याही रॉडपेक्षा मोलाचा आहे.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मला मन घट्ट करून द्यावं लागतंय. डीवर सगळे सॅमन जिवंत सोडून देण्याचा शिरस्ता अनेक वर्षांपासून आहे. स्कॉटलंडभर १ एप्रिलपूर्वीचा प्रत्येक सॅमन सोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यानंतर दरवर्षी नद्यांची प्रतवारी होते आणि ज्या नदीची स्थिती वाईट ठरते तिथे वर्षभर सोडावाच लागतो. रॉडने धरलेला सॅमन विकायलाही २००२ पासून बंदी आहे. यामागे कारण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने अटलांटिक सॅमनला जगभरासाठी ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात टाकलं, आणि ब्रिटनमधला सॅमन तर धोक्यातल्या वर्गात गेला. समुद्रात गेलेल्यांपैकी परतणारे फार थोडे उरले आहेत. आपल्या डोळ्यांदेखत खाडीतली मासळी उतरलेली आपण दोघांनी पाहिली आहे, तेव्हा हे तुम्हाला वेगळं समजावायला नको. तिरफळं जरूर न्या, ॲबरडीनच्या मासळीच्या दुकानात शेतीतला सॅमन कायम मिळतो, चांगला चरबीदार असतो, आणि वहिनींच्या हातच्या आमटीला तो उणा पडणार नाही.

मासा सोडायचा म्हटल्यावर सामानाची निवडही त्यावर ठरते. फार नाजूक रॉड आणि बारीक तंगूस घेऊन माशाला अर्धा तास खेळवणं हे कौशल्य नव्हे. दमून गेलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही, आणि पाणी २० अंशांच्या वर गेलं असेल तर त्याहून कठीण. मी ८-९ नंबर आणि १५ पौंडांपर्यंतचा लीडर सांगतो तो मासा लवकर हाताशी यावा म्हणून. गरी एकेरी किंवा दुहेरी, टोकाजवळचा उलटा काटा दाबलेली. जाळं गाठी नसलेलं. मासा पाण्यातच ठेवायचा, गरी काढायची, प्रवाहाकडे तोंड करून धरायचं आणि तो आपल्या बळावर निघेपर्यंत हात सोडायचा नाही. फोटो हवा असेल तर जावईबापूंना मोबाइल तयार ठेवायला सांगा, मासा पाण्यातून वर असण्याचा वेळ तेवढा कमी.

पाण्यात उतरण्याबद्दल थोडंच, पण लक्ष देऊन वाचा. आपण किनाऱ्यावरची माणसं पाण्याला भीत नाही. डीचं पाणी जूनमध्येही आपल्या खाडीच्या मानाने गारठवणारं आहे, गोटे शेवाळाने निसरडे आहेत, आणि छातीपर्यंतच्या वेडरमध्ये (पाणी न शिरणाऱ्या विजारीत) पोहणं म्हणजे अंगावर ओली गोधडी घेऊन पोहणं. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासच ताब्यात राहत नाही, पट्टीचा पोहणाराही गडबडतो. वेडर, कमरेचा पट्टा, हातात काठी आणि आपोआप फुगणारं जीवनजाकीट हे सगळं मागून किंवा भाड्याने घ्या. विकत घ्यायची गरज नाही. तुमचे इथले जुने बूट तर नेऊच नका. नॉर्वेच्या नद्यांत १९७० च्या दशकापासून एका सूक्ष्म परजीवीने सॅमनची पिल्लं नष्ट केली, ब्रिटनमध्ये तो अजून पोचलेला नाही, म्हणून परदेशातून आलेलं ओलं सामान तिथे फार बारकाईने बघतात. जे न्याल ते धुऊन कडकडीत वाळवून न्या.

रावसाकडे वळतो. रावस आणि सॅमन यांचं नात्यागोत्याचं काही नाही. रावस समुद्रातला आणि खाडीच्या तोंडाचा मासा, गळ्याखाली लांब तंतू असलेल्या कुळातला. सॅमनसारखा तो नदी चढून डोंगरात अंडी घालायला जात नाही, आणि तो भुकेला असतो, कोळंबी आणि बोयच्या पिल्लांमागे धावतो. दाभोळच्या तोंडाशी त्याच्यासाठी फ्लाय वापरायची तर पद्धतही उलटी आहे. फ्लाय प्रवाहाच्या स्वाधीन करून चालत नाही, डाव्या हाताने लाइन झटक्याझटक्याने ओढून तिला पळवावी लागते. तिथे ९ फुटी, ९ नंबरचा एका हाताचा रॉड हवा. दोन हातांच्या रॉडने लाइन अशी ओढायला हात मोकळा राहत नाही, आणि होडीत तर त्याला जागाच नाही. इथे मात्र बंदिस्त ड्रॅगचं, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलं रील घ्या. डीवर मी ज्याला नको म्हणतो त्यालाच इथे पैसे द्या, कारण खारं पाणी साध्या रीलला एका मोसमात खातं. तरीही रोज गोड्या पाण्याने धुवायचं.

लाइनही वेगळी. थंड देशासाठी बनवलेली लाइन आपल्या उन्हात मऊ आणि चिकट होते, कड्यांतून सरकत नाही. उष्ण प्रदेशाची लाइन डीवर नेली तर तारेसारखी वेटोळी घेते. एवढ्या एका कारणासाठीही एक संच दोन्हीकडे चालणार नाही. जिताड्यासाठी लीडरच्या टोकाला ३०-४० पौंडांचा हातभर जाड तंगूस जोडा, त्याच्या कल्ल्याची धार तुम्हाला मी सांगायला नको. क्लाउझर मिनो ही पांढरी-हिरवी फ्लाय दोघांनाही चालते, तिची गरी वरच्या बाजूला असते म्हणून तळाच्या दगडांत कमी अडकते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या गढूळ पाण्यात फ्लाय बाजूला ठेवा, माशाला ती दिसतच नाही. पाणी निवळल्यावर, उधाणाच्या ओढीपेक्षा भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत, भरती फिरण्याच्या वेळी खाडीच्या तोंडाशी सुरुवात करा. पण हे सगळं परत आल्यावर. आत्ता एकाच वेळी दोन्ही घ्यायला जाल तर दोन्ही अर्धवट होतील.

तुमच्या साठ हजारांचे साधारण ५०० पौंड होतात. त्यात २०० ते २५० पौंडांचा चांगला १३ फुटी रॉड, १०० च्या आत रील, ७०-८० पौंडांत हेड, रनिंग लाइन आणि लीडर बसतात. उरलेले शंभरेक पौंड शिकवणीसाठी बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. तिथे गेम अँगलिंग इन्स्ट्रक्टर्स असोसिएशनचे प्रमाणित शिक्षक असतात, अर्ध्या दिवसात ते तुम्हाला दोन कास्ट मासा लागण्याइतके शिकवतील. पैसे आखडते घ्यावे लागले तर रॉड भाड्याने घ्या, गिलीकडेही पुष्कळदा जास्तीचा असतो. शिकवणी मात्र वगळू नका. ती तीन दिवसांच्या आधी चार-पाच दिवस ठेवा, म्हणजे मधल्या दिवसांत घराजवळच्या मैदानावर गवतावर हात बसवता येईल. सॅमनच्या मासेमारीला रविवारी तिथे कायद्याने सुट्टी असते, तेव्हा तारखा जुळवताना जावईबापूंना ते बघायला सांगा. स्कॉटलंडमध्ये आपल्याला वाटतो तसा सरकारी रॉड परवाना डीसाठी लागत नाही, लागते ती बीटच्या मालकाची परवानगी, आणि ती त्यांनी तीन दिवस राखताना घेतलीच असणार.

आता एक काम इथूनच करा. जावईबापूंना सांगून बीटच्या गिलीला चार ओळींचं पत्र पाठवा: जूनच्या मध्याला तुमच्या बीटवर नदी किती रुंद असते, कमरेपर्यंत उतरावं लागतं की काठावरून भागतं, मागे झाडं किती आहेत, आणि भाड्याने काय काय मिळेल. नदी फार रुंद असेल तर ९ नंबर, नाहीतर ८. त्यांचं उत्तर आलं की मला पाठवा, रॉडचा नंबर आणि हेडचे ग्रॅम आपण तेव्हा पक्के करू.